सोपा प्रश्न

प्रश्न सोपा होता. इतका सोपा, की सुप्रियाने पुढे केलेला हात मागे घेतला. पाच संख्यांची सरासरी आठ आहे, तर त्यांची बेरीज किती? इंग्रजीत विचारला होता म्हणून काही तो मोठा होत नव्हता. मोहगावच्या शाळेत शिकवणारे तिचे बाबा असला हिशेब पोरांकडून हातपाय धुऊन वर्गात येता येता तोंडी करून घेत, पाटीसुद्धा हातात घेऊ देत नसत. सुप्रियाने पडद्यावरची ओळ दोनदा वाचली, मग तिच्यात काही खोच आहे का म्हणून तिसऱ्यांदा वाचली. खोच नव्हती. खाली पाच पर्याय होते आणि त्यांतला चाळीस हा तिच्याकडे सरळ बघत होता. तिने त्याला हात लावला नाही. माणसाला अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली कळत नाही, पाय एकदम जमिनीवर आपटतो आणि मेंदूपर्यंत झिणझिण्या जातात, तसं तिचं झालं होतं.

या परीक्षेचा प्रकारच तसा आहे. इथे सगळ्यांना सारखा पेपर नसतो. संगणक आधी एक मधला प्रश्न टाकतो. उत्तर बरोबर आलं तर पुढचा जरा कठीण, चुकलं तर पुढचा जरा सोपा. असं करत करत तो माणसाची पायरी शोधून काढतो आणि तिथेच त्याला उभं करून ठेवतो. मागे जाता येत नाही. एकदा उत्तर देऊन पुढे सरकलं की तो प्रश्न गेला, पुन्हा दिसत नाही. म्हणून इथे सोपा प्रश्न पाहून हरखतो तो ज्याला नियम माहीत नाही तो. ज्याला माहीत आहे त्याच्या लेखी सोपा प्रश्न म्हणजे निरोप. सुप्रिया दीड वर्ष या परीक्षेच्या मागे होती. बोरगावच्या एका कारखान्यात खरेदी विभागात ती नोकरी करी, सौंसरहून रोज बसने जाई-येई, आणि बसमध्ये मोबाइलवर गणितं सोडवी. मोठ्या व्यवस्थापन संस्थेत जायचं, दोन वर्षं शिकायचं, आणि मग खरेदी विभागातल्या टेबलाकडे परत यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. घरातून देता येणारा पेपर तिने निवडला होता, पण घरातून देणं शक्य नव्हतं. खोलीत दुसरं माणूस चालत नाही, आवाज चालत नाही, आणि सौंसरच्या त्यांच्या घरातल्या एकुलत्या बऱ्या खोलीत खिडकीपाशी बाबा बसलेले असत. म्हणून ती सकाळी पांढुर्ण्याला आली होती, कॉलेजातली मैत्रीण भाग्यश्री हिच्या सासरी, वरच्या खोलीत. टेबल रिकामं केलेलं, भिंतीवरची दिनदर्शिका काढलेली. कॅमेऱ्यातून तिने खोलीचे चारी कोपरे, टेबलाखालची फरशी, स्वतःचे कान, मनगटं सगळं दाखवलं होतं. कुठल्याशा शहरात बसलेलं एक माणूस पेपर संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहणार होतं. भाग्यश्रीने सासूला जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं होतं. खाली अंगणात संत्र्याच्या पेट्या ठोकण्याचं काम चाललं होतं, ते तेवढं थांबवता आलं नव्हतं. हातोडीचे ठोके वर येत, आणि सालीचा तो कडसर वास.

आधीचा प्रश्न तिने चुकवला होता, म्हणजे आता कळलं की चुकवला होता. गोल टेबलाभोवती सहा माणसं बसवायची, त्यांतली दोन एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना शेजारी बसवायचं नाही, तर किती प्रकारांनी? बसवता बसवता तिची माणसं हलत राहिली, घड्याळ पळत राहिलं, शेवटी एक आकडा ठोकून दिला आणि ती पुढे गेली होती. आता हा समोर. चाळीस. दाब ना, ती स्वतःला म्हणाली. आणि तेवढ्यात, कोणी मागून येऊन हातात ठेवावा तसा, एक आकडा तिच्या डोक्यात आला. बहात्तर. सहा माणसं गपचूप आपापल्या जागी बसली, भांडलेली दोघं समोरासमोर, आणि बहात्तर. तिने घाईघाईने पर्यायांत बहात्तर शोधला. नव्हता. कसा असेल? तो या प्रश्नाचा नव्हताच. मागच्या प्रश्नाचं उत्तर पुढचा प्रश्न समोर आल्यावर आलं होतं, अगदी बरोबर आलं होतं, आणि ते ठेवायला आता जागा नव्हती. कोणी तिला या घटकेला विचारलं असतं, बाई, पाच संख्यांची बेरीज किती, तर तिच्या तोंडून बहात्तर निघालं असतं, आणि विचारणाऱ्याने मान हलवली असती.

मान हलवली असती. सुप्रियाच्या डोळ्यांपुढे नागपूरचा तो तरुण डॉक्टर उभा राहिला. त्यानेही मान हलवली होती, वाईट वाटल्यासारखी, पण सवयीने. मार्चमध्ये बाबांना लकवा मारला. मधुकर सर म्हणजे सौंसर-मोहगावच्या दोन पिढ्यांना गणित शिकवलेला माणूस, आणि तो माणूस पलंगावर उशीला टेकून बसला होता, तोंडाची एक बाजू उतरलेली. डॉक्टरने पलंगाच्या कडेवर बसून प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. पहिला गणिताचा, कारण सुप्रियानेच अभिमानाने सांगितलं होतं की गणिताचे मास्तर आहेत. त्याला बाबा काहीच बोलले नाहीत. मग डॉक्टर आणखी सोप्या प्रश्नांवर उतरला. वार विचारला, तर बाबांनी आकडा सांगितला. गाव विचारलं, तर वार सांगितला. नाव विचारलं, तर गावाचं नाव सांगितलं. शेवटी त्याने खिशातलं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं आणि लहान मुलाला विचारतात तसं विचारलं, "सर, ये क्या है? हे काय आहे?" बाबा पेनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मधुकर." सागर, तिचा भाऊ, पुण्याहून रातोरात आला होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, समज फार कमी राहिली आहे. रोज काही ना काही विचारत जा, सोपं सोपं विचारा, उत्तराचा आग्रह धरू नका.

सोपं सोपं विचारा. आणि हे कोणाला, तर ज्या माणसाचं उभ्या आयुष्यात एका गोष्टीशी वैर होतं, ती म्हणजे सोपा प्रश्न. शाळेत पोरगं चुकलं की बाकीचे मास्तर त्याला हलका प्रश्न घालून बसवत. मधुकर सर त्याला आणखी जड घालत. पोरगं रडकुंडीला येई. सर म्हणत, "रडून राहिला काय? रड, पण सोडव. ज्या दिवशी म्या तुले सोपं विचारलं ना, त्या दिवशी समज का मास्तरानं तुही आशा सोडली." हे वाक्य त्या भागात इतकं झालं होतं, की तेव्हाची पोरं पुढे बाप झाल्यावरही एकमेकांना ऐकवत. आणि उत्तराची त्यांना घाई नसे. घरी जेवताना ते सागरला आणि तिला प्रश्न घालत. ताट आटपे, भांडी घासून होत, कोणी पाहुणा येऊन जाई, बाबा त्याच्याशी कापसाच्या गोष्टी करत, आणि तो गेला की मान वळवून विचारत, "हं, मंग?" जसा काही प्रश्न आत्ताच विचारला होता. एकदा सुप्रियाने सकाळच्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी दिलं होतं, विहिरीवरून येता येता, ओल्या पायांनी. बाबा म्हणाले होते, "प्रश्न काही भाजी नाही, शिळा व्हायले." आई यावर वैतागे. तिचं, म्हणजे इंदूबाईंचं, म्हणणं असं, की या माणसाला काही विचारायची सोय नाही. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, चहा घेता काय? तर हे विचारच करत बसले, आणि चहा उकळून आटला. तेव्हापासून ती त्यांना प्रश्न विचारतच नसे. "घ्या चहा." "उठा आता." "बनियन बदला." सगळं आयुष्य तिने असं हुकमांवर काढलं, आणि लकव्यानंतरही त्या दोघांत काही बदललं नाही. ती सांगे, ते करत. बाबा आपण होऊन बोलत नसत. कोणी काही विचारलं तरच एखादा शब्द बाहेर पडे.

आणि विचारत होती ती सुप्रिया. डॉक्टरने सांगितलं म्हणून. आधी आधी तिने हट्टाने सतराचा पाढा विचारला. बाबा गप्प. मग एका संख्येचा वर्ग विचारला, मग चालू महिना. मग साधी बेरीज. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून, हे कोण? त्या फोटोला बाबा रोज सकाळी हात जोडत आले होते, आणि त्यावर ते "पंधरा" म्हणाले, तेव्हा सुप्रियाला हुंदका आला होता. मग ती आणखी खाली आली. आईचं नाव काय? माझं नाव काय? हे कोणतं बोट? दर चुकीला एक पायरी. ती उतरत गेली आणि त्यांना उतरवत गेली, आणि आता पाणी देऊ का आणि पंखा लावू का, यांच्या खाली प्रश्नच उरले नव्हते.

पडद्यावर सरासरी आठ तशीच होती. कोपऱ्यातलं घड्याळ चाललं होतं. खाली कोणीतरी पेटीचा खिळा वाकडा गेला म्हणून हिंदीत शिवी दिली. सुप्रियाच्या डोक्यात बहात्तर अजून कानाशी माशी राहावी तसा राहिला होता, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक आकडा आला. डॉक्टरने वार विचारला तेव्हा बाबांनी सांगितलेला आकडा. त्र्याण्णव. त्याआधीचा प्रश्न काय होता? गणिताचा. शंभरातून सात गेले, किती राहिले?

शंभरातून सात, त्र्याण्णव. मग वार विचारला होता आणि गावाच्या प्रश्नावर ते म्हणाले होते गुरुवार. गुरुवारच होता तो, बोरगावच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी असते म्हणून तर ती दवाखान्यात होती. गाव विचारलं होतं आणि नावाच्या प्रश्नावर ते म्हणाले होते मोहगाव. नाव विचारलं होतं आणि पेनावर ते म्हणाले होते मधुकर. एकही उत्तर चुकलं नव्हतं. एकही. प्रत्येक उत्तर एका प्रश्नाने मागे होतं, एवढंच. शब्द आतून निघून तोंडापर्यंत यायला त्यांना जितका वेळ लागत होता, तितका वेळ कोणाजवळ नव्हता. पुढचा प्रश्न येऊन आदळला की त्याच्या धक्क्याने मागचं उत्तर बाहेर पडत होतं, आणि समोरचा माणूस मान हलवून आणखी सोपं विचारत होता. आठ आणि सात किती, असं तिने विचारलं होतं. मग फोटो दाखवला होता. पंधरा. ती हुंदका देऊन स्वयंपाकघरात गेली होती, आणि बाबा तिथे खुर्चीत, बरोबर उत्तर देऊन बसलेले. त्यांना कळत होतं, की प्रश्न सोपे होत चाललेत. त्यांना तर सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, की सोपा प्रश्न म्हणजे काय. समज त्याच दिवशी, का मास्तरानं तुही आशा सोडली. आणि मास्तर कोण, तर ती.

तिने चाळीसवर बोट दाबलं. का दाबलं ते तिला कळलं नाही, हाताने दाबलं. पुढचा प्रश्न आला, तो कठीण होता की सोपा हे तिला वाचूनही समजेना, कारण तिच्या मनाचं धरण फुटलं होतं आणि आता एकेक दिवस वाहत येत होता. मागच्या रविवारी सागरचा फोन आला होता. ती बाबांच्या खोलीतच बसून बोलत होती. हल्ली सगळेच त्यांच्या समोर बोलत, कपाटासमोर बोलावं तसे. ती म्हणाली होती, "बाबा आता कुठी राहिले रे? तू तिकडं दूर हाय, तुले काय. खुर्ची राखत बसली हाव मी इथं, खुर्ची. नंबर लागला तरी काय करू? आईच्या भरवशावर सोडू? तू सांग मले, मी जाऊ का नको जाऊ?" सागर म्हणाला होता, पाहू ना, आधी परीक्षा तर दे. फोन ठेवून तिने सवयीने विचारलं होतं, "बाबा, पाणी देऊ काय?" आणि बाबा म्हणाले होते, "जा." स्वच्छ म्हणाले होते, जुन्या आवाजात. तिला ते लागलं होतं. पाण्याचं विचारायला गेले तर हाकलतात, असं तिने आईला सांगितलं होतं, आणि आई पीठ मळता मळता म्हणाली होती, "त्याईच्या बोलण्याचं काय घेऊन बसली व? कुठचं कुठी बोलतात."

"जा," सुप्रिया मोठ्याने म्हणाली.

पडद्यावर टिंग वाजलं. उजवीकडे एक चौकोन उघडला. बघणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, परीक्षा चालू असताना कृपया बोलू नका, पुन्हा बोललात तर पेपर रद्द होईल. तिने मान डोलावली. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत तिला आपलं तोंड दिसलं, ओठ पांढरे पडलेले. पाण्यावर आलेलं उत्तर पाण्याचं नव्हतं. ती रविवारपासून ज्या उत्तराची वाट सागरकडून बघत होती ते बाबांनी त्याच क्षणी दिलं होतं. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे नुसतं जाऊ का नको एवढंच ऐकलं नसणार. फोनवर ती जे जे बोलली ते सगळं, ओळीने. खुर्चीसुद्धा. खुर्ची ऐकून, त्याच्यावर, जा.

आणि आज सकाळचं आठवलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. उजाडता उजाडता निघायची घाई. ओळखीसाठी पासपोर्ट लागतो, तो तिने बाबांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला आणि ती केस बांधायला वळली. बाबांनी चांगला हात चहाच्या पेल्याकडे नेला, पेला कलंडला, आणि चहा सरळ पासपोर्टवर. तिने झडप घालून तो उचलला, ओढणीने पुसला. एक कडच भिजली होती, पण दीड वर्षाचं सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि ती ओरडली, "तुम्हाले काही कळते का नाही हो?" आई आतून म्हणाली, जाऊ दे वो, निघ तू. ती चपला घालून निघाली. बाबा बघत होते. शब्द यायला त्यांना वेळ लागतो, आणि ती निघून आली होती. म्हणजे तो प्रश्न आत्ता, या घटकेला, त्यांच्यात पडून होता. त्याचं उत्तर तयार होऊन ओठांमागे येऊन थांबलं असेल, आणि आता जो कोणी त्यांना पुढचं काही विचारील त्याच्यासमोर ते बाहेर पडणार होतं. जो कोणी. गल्लीतल्या देवकाबाई दुपारी डोकावतात. दाढी करायला कवडू येतो, तो तर शंभर गोष्टी विचारतो.

उठून जावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, फोन बाहेरच्या खोलीत भाग्यश्रीजवळ होता. राहिलेले प्रश्न तिने कसे सोडवले ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. एक येई, ती सोडवी, तो जाई. डोकं बाबांजवळ होतं आणि हात परीक्षा देत होता. वेळ पुरणार नाही अशी जी भीती दीड वर्ष तिच्या मानेवर बसलेली होती ती कुठे गेली होती कोणास ठाऊक. शेवटी पडदा क्षणभर कोरा झाला आणि त्यावर गुण आले. चांगले होते. तिने सराव परीक्षांत कधी मिळवले नव्हते इतके चांगले. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग तिला आठवलं, या परीक्षेत काही प्रश्न नुसते चाचपणीसाठी मधेच घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पुढे कधीतरी वापरता येतील का ते बघायला. सरासरीचा प्रश्न बहुतेक त्यांतला असावा. कोणी तिला खाली उतरवलं नव्हतंच. निरोप नव्हताच तो.

"किती? अगं सांग ना, किती?" भाग्यश्री दारातूनच ओरडली.

"नंबर लागंल," सुप्रिया म्हणाली. "फोन दे आधी."

"अरे वा! आई, नंबर लागते म्हणते! आणि रडून काऊन राहिली मग? बावळट! थांब, संत्री तर घेऊन जा, चांगली निवडून ठेवली आहेत काकांसाठी."

सुप्रियाने तिथेच जिन्यात उभं राहून घरी फोन लावला. "आई, बाबांना कोणी काही विचारलं काय?"

"आँ?"

"सकाळपासून. कोणी आलं होतं? कवडू आला होता?"

"कवडू कायले येते आज? तुहा पेपर कसा गेला ते सांग ना."

"गेला चांगला. आई ऐक, बाबांना काही विचारू नको."

"म्या कधी विचारलं व त्याईले? चाळीस वर्षं झाले, नाही विचारलं. आता काय विचारू?"

"आणि कोणाले विचारू पण देऊ नको. देवकाबाई आल्या तर दारातूनच परत लाव."

पलीकडे आईचा आवाज मऊ झाला. "पोरी, काही खाल्लं का तू सकाळपासून? उन्हात फिरू नको. ये घरी."

बस तिगावचा फाटा टाकून पुढे गेली. दोन्ही अंगांना बगीचे, झाडांखाली ढीग, ढिगांशी बसलेल्या बाया, रस्त्याकडेला अर्धे भरलेले ट्रक. सुप्रियाच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती आणि ती खिडकीतून बघत काहीच बघत नव्हती. प्रत्येक थांब्यावर बस थांबे, कोणी चढे, कोणी उतरे. कंडक्टरने विचारलं, "कुठं, ताई?" तेव्हा तिला उत्तर द्यायला वेळ लागला. ती सहा-सात महिने मागे जाऊन एकेक प्रश्न उचलत होती आणि त्याच्या पुढच्या प्रश्नावरचं उत्तर त्याला लावून बघत होती. सगळे लागत नव्हते. कित्येक उत्तरं तिला आठवतच नव्हती, कारण चुकलेलं उत्तर कोण लक्षात ठेवतं? पण जी आठवत होती ती एकामागून एक आपल्या जागी जाऊन बसत होती. माझं नाव काय, असं तिने विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते इंदू, आणि तिला वाटलं होतं, मलाही आई समजतात. मग बोट दाखवून विचारलं, तेव्हा म्हणाले होते सुप्रिया, आणि ती आईला म्हणाली होती, आज निदान नाव तरी निघालं बघ तोंडातून. मोहगाव आलं. शाळा रस्त्यावरून दिसते. मैदानात पोरं ओरडत होती. तिला वाटलं, बसमधून कोणीतरी उठून त्यांना ओरडून सांगावं, आणि काय सांगावं ते तिला सुचलं नाही.

सौंसरला उतरून ती जवळजवळ धावतच घरी आली. अंगणाच्या फाटकात देवकाबाई भेटल्या, बाहेर पडत होत्या, पदराने हसू पुसत. सुप्रियाचे पाय तिथेच थांबले.

"आली का व? इंदू म्हणत होती पास झाली म्हणून. पेढे कधी?" देवकाबाईंनी तिची हनुवटी धरली. "मले तर दारातच उभी करून राहिली होती तुही माय. म्हणे, काही विचारू नका त्याईले. आता म्हाताऱ्या माणसाले दोन शब्द विचारले त काय झिजते? ती आत वळली का गेली मी खिडकीपाशी. म्हटलं, जेवले काय सर? त कसे पाहतात माह्याकडं, शाळेत पाहत तसे. अन् काय म्हणतात माहीत हाय?"

"काय?"

"म्हणतात, कळते." देवकाबाई पुन्हा हसल्या. "जेवले काय त म्हणे कळते! म्हटलं कळते त बरं हाय बापा, आमाले त काहीच कळत नाही."

सुप्रियाने फाटकाचा गज धरला. तो उन्हाने तापला होता तरी तिने सोडला नाही. "मग? मग आणखी काय विचारलं तुम्ही?"

"काही नाही व. कायले विचारू? उठली अन् आली. काऊन? अशी काऊन पाहून राहिली पोरी?"

ती आत गेली. आई स्वयंपाकघरातून काही म्हणाली ते तिने ऐकलं नाही. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. उतरत्या उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यांवर होता, स्टूल पुसून जागेवर ठेवलेलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतके महिने तिला ही नजर रिकामी वाटत आली होती. आता तिने खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन पाहिलं, आणि तिला ती नजर ओळखू आली. फळ्यासमोर पोरगं अडकलेलं असताना मधुकर सर हात मागे बांधून असेच बघत उभे राहत. घाई नसे त्या नजरेत. कीव तर नसेच.

तिने पिशवी खाली ठेवली. विचारायचं तर सोपं काही विचारायचं नाही, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. बोलताना तिचा आवाज तिला परका वाटला.

"बाबा, रविवारी मी फोनवर बोलली. खुर्ची म्हणाली तुम्हाले. माझा राग आला काय?"

बाबांच्या ओठांची चांगली बाजू हलली. आतून पाट्यावर काही वाटल्याचा आवाज येत होता तो थांबला. शब्द कुठून तरी लांबून येत होता, आणि तो कुठला असणार हे तिला माहीत होतं, तरी तो येईपर्यंत तिने खुर्चीचा हात धरून ठेवला.

"जेवलो," बाबा म्हणाले.

आणि तिच्याकडे बघत राहिले. तिचा प्रश्न आत गेला होता. त्याचं उत्तर आता तिथे, त्या मिटलेल्या ओठांमागे, हळूहळू तयार होत होतं, की झालंही असेल. ते बाहेर यायला पुढचा प्रश्न लागणार होता, कोणताही. पाणी देऊ का, पंखा लावू का, संत्रं सोलू का. आई विचारणार नव्हती. देवकाबाई गेल्या होत्या. बाबा थांबले होते. जगात इतके सोपे प्रश्न होते, आणि त्यांतला एकही तिला विचारवत नव्हता.